मागचे स्पीकर बदलल्याबाबत

नाव : घड्याळवाले काका (बिल्डिंगमध्ये दुसरे नाव कोणाला माहीत नाही). वय ६८. धंदा : घड्याळदुरुस्ती, हल्ली बंद. राहणार : तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

मी स्वतः चौकीत हजर राहून, कोणी न पढवता सांगतो की, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माझी बायको गाडीत मागे पाय लांब करून बसते. मागचे दोन्ही स्पीकर फाटले आहेत. मी पुढे गाणी ऐकतो, तिला मागे नुसती घरघर. "मागे नीट गाणं लागेपर्यंत माझ्याशी बोलू नका," असे ती म्हणाली व तिने शब्द पाळला. आज एकोणिसावा दिवस. घर खायला उठले होते.

सकाळी साडेदहाला नवे स्पीकर घेऊन मी पार्किंगमध्ये गेलो. आमच्या गाडीचे मागचे दार लॉक होत नाही, म्हणून किल्ली नेली नव्हती. दार उघडले. सीट झाडलेली दिसली. बायकोने झाडली, म्हणजे राग निवळला, असे समजून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. काचेखालच्या फळीवर प्लास्टरचे दात होते. मेहुणा काहीही कुठेही विसरतो, म्हणून नवल वाटले नाही.

जुने स्पीकर काढले. ते फाटलेले नव्हते हे दिसले. पण काम हातात घेतल्यावर थांबणे माझ्या स्वभावात नाही. नवे बसवून तारांना घड्याळाचा सेल टेकवला. खट् वाजले. चाळीस वर्षे मी असेच तपासतो, त्यामुळे गाडी सुरू करून पाहिली नाही.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गाडी त्यांची होती. रंग तोच, आणि त्या दिवशी त्या दार लॉक करायला विसरल्या होत्या. त्यांना दारातून बाहेर आलेले माझे पाय दिसले व पिशवीत स्वतःचे स्पीकर. त्यांनी पोलिसांना फोन केला.

ओळख पटवायला बायकोला बोलावले. ती काठी टेकत आली. साहेबांनी विचारले, "हे चोर आहेत का?" मला कोठडीची भीती नव्हती. ती गप्पच राहील याची होती.

ती म्हणाली, "चोर कसले, साहेब? चोराला निदान गाडी तरी ओळखता येते."

मला फार आनंद झाला. साहेबांनी हसू नका असे दोनदा बजावले.

डॉक्टरीणबाईंनी गाणे लावून पाहिले व तक्रार मागे घेतली. नवे स्पीकर त्या परत देणार नाहीत. त्यांचे जुने आमच्या गाडीला चालतील.

जबाब मोठ्याने वाचला, तेव्हा बायको शेजारी बसली होती. सगळे मी सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त "एकोणिसावा नाही हो, अठरावा. दिवस तरी नीट मोजायचे!" अशी एक दुरुस्ती तिने सुचवली. ती साहेबांना नव्हे, मला म्हणाली. दुरुस्ती मान्य आहे.

सही