तिसरी गिनीपिग

हसाल तुम्ही, पण माझ्याच आयुष्यातली एक गोष्ट मला गिनीपिगमुळे कळली. तेव्हा आम्ही सुरतेत, उधन्यात राहायचो. पोरीकडे दोन गिनीपिग होत्या, सदा एकमेकींना चिकटलेल्या. सुरत सोडून निघालेल्या शेजाऱ्यांनी आपली एकटी गिनीपिगही आम्हालाच दिली. पिंजऱ्यात सोडली, तर दोघी तिच्या अंगावरच धावल्या. पोरगी रडायला लागली.

तेवढ्यात भिकाआप्पा आले. मी कापडाच्या लूमवर नवा लागलो, तेव्हा त्यांच्या आणि शंकरच्या खोलीत तिसरा म्हणून राहिलो होतो.

आप्पा म्हणाले, "जुन्यांच्या घरात नवा असा एकदम घुसवतात का रे भो? तिघींना बाहेर आण, एका ताटात घाल."

ओट्यावर ताटभर कोथिंबीर ठेवली. जरा गुरगुर झाली, मग तिघी मुकाट खायला लागल्या.

"आप्पा, तुम्हाला कसं माहीत?"

"तुझ्या वेळी हेच केलं. शंकर तुला खोलीत घ्यायला तयार नव्हता. म्हणून आधी तापीवर जाऊन तिघांनी एका ताटात खिचडी खाल्ली."

इतकी वर्षं मी समजत होतो, तो माझा पाहुणचार होता.

रविवारी आप्पांना आणि शंकरला जेवायला बोलावलं. बायकोने तीन ताटं मांडली. मी दोन उचलून ठेवली.