चौलकरबाईंच्या पितळी दिव्याबाबत

मी कृष्णराव डोमाजी भोयर, वय ६८ वर्षे, धंदा – स्टील प्लांटमधून रिटायर फिटर, राहणार जुनवानी, भिलाई. मी आपल्या पायानं ठाण्यात आलो, कोणी बोलावलं नाही. हवालदार प्रेमानंद यांना मराठी येते, म्हणून मराठीतच सांगतो. बोलतो तसंच लिहा.

माझ्या शेजारी मोझेलबाई चौलकर एकट्याच राहतात. त्या ज्यू आहेत, मूळच्या अलिबागकडच्या. त्यांच्याकडे सासूबाईंचा पितळी दिवा आहे. एका ओळीत आठ वाट्या अन् नववी वर, एका बाजूले. थंडीत त्यांचा हनुक्का नावाचा सण येते, तवा आठ राती लावतात. मले वाकडं काही पाहवत नाही. ती नववी वाटी पाहिली की हात शिवशिवतात.

सोमवारी त्यांचा नळ बसवायला गेलो, तवा न विचारता दिवा थैलीत घालून आणला. सरप्राइज देऊ म्हटलं. हॅक्सॉनं नववीचा दांडा कापला अन् वाटी बाकीच्यांच्या ओळीत डाग देऊन झाळून टाकली. लेव्हल लावून पाहिली. एकदम सरळ.

इकडं बाईंनी चोरीची तक्रार दिली. घराची दुसरी चाबी स्वयंपाकवाल्या मनकर्णाबाईकडे असते. काल पोलिसांची गाडी आली, तिले बसवलं अन् झडतीसाठी तिच्या वस्तीत घेऊन गेली. मी फाटकापाशी उभा होतो. ती म्हणाली, "काका, तुमी तरी सांगा न, मी कशी हावो ते." मी घरात निघून गेलो. लोक मलेच चोर म्हणतील म्हणून भ्यालो. हे पण लिहा.

आज सकाळी दिवा बाईंले नेऊन दिला. त्यांनी बोटानं झाळ चाचपली. म्हणाल्या, "कृष्णराव, या आठांच्या उजेडात काही काम करायचं नसतं, नुसतं पाहायचं. राबतो तो नववा. त्याच्यानंच बाकीचे लावायचे. म्हणून त्याला वेगळी, उंच जागा. ती तुम्ही काढून घेतलीत." मग म्हणाल्या, "आणि मी मनकर्णाचं नाव घेतलं. जा, आधी तिला सोडवा." मले इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

चोरी झालेली नाही. मनकर्णाबाईचा काहीएक दोष नाही. आहे तो माझा.

जबाब मले वाचून दाखवला. मी म्हटलं, चौकशीले आणलेली मनकर्णाबाई बाहेर बाकावर बसली आहे, तिले आयकू जाईल असा मोठ्यानं वाचा. वाचला. सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. त्यावर ती बाहेरून म्हणाली, "इथं वाचून काय करता काका? गाडी तर आमच्या वस्तीत आली होती." तेही बरोबर आहे.

सही – कृष्णराव डोमाजी भोयर