आंद्रीचा कॉल कट झाला

अरे, मी इथून, अमेरिकेतल्या फ्रिस्कोतून, युक्रेनमधल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीला सपोर्ट देतो ना, त्यातलीच एक गोष्ट. तिथला आंद्री हॉस्पिटलची तुटलेली केबल जोडत होता, मी कॉलवर टेस्टिंग करत होतो. त्याच्या मागे हवाई हल्ल्याचा सायरन सुरू झाला.

"आंद्री, आधी शेल्टरमध्ये जा!"

"दोनच जोड राहिलेत," तो म्हणाला आणि कॉल कट झाला. मी परत परत कॉल लावला. बघतो तर नेट माझंच गेलेलं! शेजारच्या माळ्यानं खणताना केबल तोडली होती. मोबाइलवरून आंद्रीला फोन लावला.

तोच घाबरलेला. "बायको-मुलं सुखरूप आहेत ना? कशाचा हल्ला झाला?"

"शेजारी गुलाब लावत होते. केबल तुटली."

"लाइन कधी येणार?"

"पुढच्या गुरुवारी."

तो अगदी काळजीनं म्हणाला, "तोपर्यंत सगळे इकडे राहायला या."