चादरींच्या ढिगावरची सभा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झालेल्या मुकादमबाई, दुसरी तिथे अजूनही इस्त्री करणारी.

"बाई, तुम्ही गेलात आणि सगळं मुकं झालं बघा. रजांची यादी आता थेट भिंतीवर लागते."

"आणि कुणी चकार शब्द काढत नाही?"

"कोण काढणार? तुमच्या वेळी चादरींच्या ढिगावर बसून, हात वर करून आपणच रजा ठरवायचो. रक्ताचे कपडे धुणाऱ्यांनाही तुम्ही मताचा हक्क दिलात, तेव्हा इस्त्रीवाल्या किती चिडल्या होत्या!"

"सगळ्यात जास्त तूच."

"हो, मीच. आणि त्या धुणाऱ्यांच्याच मतांनी मला लेकीच्या बाळंतपणाची रजा मिळाली. परत या ना, बाई."

"यावंसं तर रोज वाटतं गं. सकाळी हात आपसूक डब्याकडे जातो, मग आठवतं."

"मग या की!"

"आले तर पुन्हा माझ्याच तोंडाकडे बघत बसाल. चुकलंच माझं. विचारायचे सगळ्यांना, पण सभा बोलवायचे मी एकटी. ते कुणाला शिकवलंच नाही."

"परवा मी बोलावली होती, जेवणाच्या सुट्टीत."

"तू? किती आल्या?"

"तिघी. धुणाऱ्याच. काय बोलायचं ते सुचेना, मग तुमचीच आठवण काढत बसलो."

"पुढच्या वेळी माझं नाव काढायचं नाही. रजांचं बोलायचं."

"बरं."

"आणि काय ठरलं, ते मला येऊन सांगशील?"