तीन एक्के आणि सासरेबुवा

हसा लेको, पण तीन पत्तीत तीन एक्के आले तर तोंड पाडून बसू नका, एवढंच सांगतो.

लग्नानंतरची पहिली गोकुळाष्टमी. पनवेलला सासरी डाव बसलेला. पत्ते उचलले, तर तिन्ही एक्के! याच्यावर काहीच नाही. म्हटलं, जोर दाखवला तर सगळे पत्ते टाकतील. म्हणून सुस्कारे सोडत, कपाळ पुसत जेमतेम चाल करत राहिलो. एकेक जण गळाला. उरला शेजारचा बबन. तो मात्र चढतच गेला, आणि शेवटी त्याने बोटातली अंगठी काढून मध्ये ठेवली.

आता मला खरंच घाम फुटला. हा डाव सोडून उठला तर? मी लग्नातलं मनगटी घड्याळ काढायला गेलो, तर पट्टाच सुटेना.

तेवढ्यात मागून सासरे आले. "जावय, काय करता? घाम फुटलाय तुमाला!"

"मामा, थांबा..."

"नाय नाय, लग्नातला घड्याल नाय लावायचा!" म्हणत त्यांनी माझे पत्ते उचलले आणि न बघताच गड्डीत खुपसले.

गड्डीत गेलेला पत्ता मेला, हा तिथला कायदा. बबनने डाव ओढला आणि हसत आपले पत्ते दाखवले. दुर्रीची जोडी!

"मामा, माझ्याकडे तीन एक्के होते हो!"

सासऱ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत हाक मारली, "पोरी, पानी आन गो! जावय बरलाय लागलेत."