गॅलरीसमोरचा कांचन

नाव: सौ. उत्तरा विनायक गद्रे. वय: चोपन्न. धंदा: केंद्र सरकारी नोकरी. राहणार: सरकारी वसाहत, पहिला मजला, लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली. मूळ गाव सातारा.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे. माझे हिंदी बाजारापुरते आहे. त्यात भाजीवाल्याशी भांडता येते, पोलिसांना जबाब देता येत नाही. हेड कॉन्स्टेबल विक्रांत शेळके हे लातूरचे निघाल्यामुळे जबाब मराठीत घेतला जात आहे. हिंदी तर्जुमा ते सोबत जोडणार आहेत. माझे यजमान विनायक गद्रे माझ्याबरोबर आले असून बाजूच्या बाकावर बसले आहेत.

बदली होऊन दिल्लीत आल्यापासून मला फोटोग्राफीचा नाद आहे. त्यासाठी मी कुठे डोंगरावर जात नाही. आमच्या गॅलरीसमोर कांचनाचे झाड आहे, त्याचेच फोटो मी बाराही महिने काढते. फ्रेम बदलू नये म्हणून गॅलरीच्या कठड्यावर नेलपॉलिशची खूण केली आहे, त्यावर कोपर टेकते. थंडीच्या धुक्यात झाड दिसतसुद्धा नाही, तरी फोटो काढते. फेब्रुवारीत ते जांभळ्या फुलांनी भरते, पान जवळपास नसते. उन्हाळ्यात शेंगा तडतडतात. पावसाळ्यानंतर इतके गच्च होते की समोरची इमारत झाकली जाते. या शहरात माझे म्हणावे असे ते एकच झाड आहे.

संशयित श्री. धीरज त्यागी समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांची पांढरी गाडी कायम त्या झाडाखाली असते आणि माझ्या प्रत्येक फोटोत येते. मार्चमध्ये गाडीवर फुलांचा चिखल झाला तेव्हा ते मला म्हणाले होते, "भाभीजी, इस पेड़ का कुछ करना पड़ेगा." हे वाक्य मी विसरले नाही. त्यांनीही वसाहतीच्या ग्रुपवर लिहिले होते की पहिल्या मजल्यावरच्या बाई कॅमेरा लावून आमच्या व्हरांड्यात बघतात. त्यांच्या व्हरांड्यात बघण्यासारखे काही नाही. दोन कूलर आणि एक सायकल आहे.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. संध्याकाळी ओळखीची मराठी मंडळी सोने घ्यायला आमच्याकडे येतात. आपट्याची पाने दरवर्षी माझे दीर राजाभाऊ पुण्याहून पाठवतात. यंदा त्यांचे पार्सल आले नव्हते. मी यजमानांना म्हटले, "सोन्याशिवाय दसरा मी करणार नाही. कुठूनही आणा." ते बाहेर गेले. मी पुऱ्या तळत असताना परत आले आणि पार्सल मिळाले म्हणाले.

दुपारी गॅलरीत गेले तर कांचनाची खालची बाजू ओरबाडलेली. एक फांदी मोडून सालीवर लोंबत होती. मी धावत कॅमेरा आणला. त्या वेळी श्री. त्यागी प्लास्टिकच्या स्टुलावर उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात त्याच फांदीत होते. तो फोटो मी तक्रारीसोबत दिला आहे. यापेक्षा वेगळा पुरावा काय असतो?

संध्याकाळी मंडळी आली. सर्वांना सोने मी स्वतः वाटले. पाने दरवर्षीपेक्षा मोठी होती. यजमान म्हणाले, यंदा पुण्याला पाऊस बिल्कुल छान झालाय. समोर त्यागींनाही सोने देऊन येऊ, असेही ते म्हणाले. मी म्हटले, त्या माणसाला माझ्या घरचे पानसुद्धा मिळणार नाही.

त्यानंतर यजमान मला रोज समजावत होते की जाऊ दे यार, झाडाला पाने परत येतात. मी ऐकले नाही. तक्रार अर्ज हिंदीत यजमानांनीच लिहिला. त्यांच्या कार्यालयात हिंदी पत्रव्यवहार तेच बघतात. श्री. त्यागी यांचे नाव घालताना त्यांनी का-कू केले, पण मी शेजारी बसून घालून घेतले. त्यागी यांची बढती होऊ घातली आहे आणि पोलिसांत तक्रार असली की बढती अडते, हे मला माहीत होते. माहीत असूनच मी अर्ज दिला. झाड बोलत नाही, म्हणून कुणीतरी बोलायला हवे, असे मला वाटले.

इथपर्यंत जबाब झाला असता श्री. त्यागी यांना आत बोलावण्यात आले.

हेड कॉन्स्टेबल शेळके यांनी माझा फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून सर्वांना दाखवला. श्री. त्यागी यांच्या हातात ओढणी आहे. मोडलेली फांदी ते ओढणीने खोडाला बांधत आहेत असे त्यात स्पष्ट दिसते. माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते दिसले नव्हते. श्री. त्यागी म्हणाले, "मिसेज़ ने कहा, भाभीजी का पेड़ है, बाँध दो. गाड़ी तो धुल जाती है."

मी विचारले की मग पाने कुणी तोडली. ते म्हणाले, "मैंने तो बस एक पत्ता लिया है, वो भी भाईसाहब ने दिया." त्यांनी मोबाइलच्या कव्हरमधून एक सुकलेले पान काढून टेबलावर ठेवले. दसऱ्याच्या संध्याकाळी माझे यजमान त्यांच्या दारात गेले होते, सोना है, संभालकर रखिए, असे म्हणाले होते, म्हणून त्यांनी ते ठेवले होते.

पान टेबलावर, शेजारी पडद्यावर झाड. कांचनाचे पान आपट्यासारखेच मधोमध चिरलेले असते, फक्त मोठे. हे मला माहीत असायला हवे होते. पण झाड मी कायम गॅलरीतून पाहिले, पान हातात घेऊन कधी पाहिले नाही. आणि दसऱ्याला हातात घेतले तेव्हा माझे लक्ष समोरच्या घराकडे होते.

मी यजमानांकडे पाहिले. ते म्हणाले, "तू म्हणालीस कुठूनही आणा. फांदी मोडेल असं वाटलं नव्हतं गं. नंतर सांगणारच होतो."

हेड कॉन्स्टेबल शेळके 'काखेत कळसा' एवढेच म्हणाले. ते जबाबात घेऊ नये अशी मी विनंती केली होती. घेतले गेले असल्यास माझी हरकत नाही.

श्री. धीरज त्यागी यांच्याविरुद्धची तक्रार मी मागे घेत आहे. त्यांच्या कार्यालयात काही कळवले गेले असल्यास ते चुकीचे होते, असे मी स्वतः जाऊन लेखी देईन. मी त्यांची हात जोडून माफी मागितली. ते पान मला परत मिळावे असे मी म्हटले. श्री. त्यागी म्हणाले, "नहीं भाभीजी, दिया हुआ सोना कोई लौटाता है?" आणि पान पुन्हा कव्हरमध्ये ठेवले.

यजमानांविरुद्ध तक्रार द्यायची आहे का, असे मला विचारण्यात आले. झाडाबद्दल नाही. पाने माझ्यासाठीच आणली होती. पण एका निरपराध माणसाचे नाव त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिले आणि मला सही करू दिली. यासाठी ठाण्यात कलम नसावे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरवला आहे. वर जिथे 'संशयित' लिहिले आहे तिथे 'शेजारी' अशी दुरुस्ती करून घेतली आहे. साक्षीदार म्हणून सही करायला माझे यजमान पेन घेऊन उठले होते. त्यांची सही नको, श्री. त्यागी यांची घ्यावी, असे मी सांगितले. त्यांना मजकूर हिंदीत समजावून सांगितल्यावर त्यांनी माझ्या सहीखाली सही केली.