बोहणीचा गजरा

माझं माहेर पिंपळगाव बसवंतकडचं, द्राक्षाचं, आन सासर मखमलाबादचं, फुलाचं. लगीन होऊन आले तवा मला हार ओवता येत नव्हता बघा, सुई बोटात घुसायची, आन आमचे मालक हसायचे, आगं फुलं ओव, बोटं कशाला ओवतीस. लय हसरा माणूस. काय सांगू ताई तुम्हाला, नव्वद सालाच्या पुढं आम्ही नाशकात द्वारकेच्या चौकात फुलाची टपरी टाकली, पहाटे मळ्यातली फुलं टोपलीत भरायची, लुनावर हे पुढं, टोपली मधी, मी मागं. टोपलीवर ओलं फडकं झाकायचो, त्याचा वास मला अजून येतो.

त्यांचा एक नेम होता. बोहणी झाल्याबिगर, म्हंजे पहिली विक्री झाल्याबिगर, हातातनं काही जाऊ द्यायचं नाय. देवळातले महाराज आले तरी म्हणायचे, थांबा, पहिलं गिऱ्हाईक होऊ द्या. माझ्या भावानं एकदा पानाला चुना मागितला, त्याला बी ताटकळत ठेवला! लय चिडायची मी.

मग तो खोकला आला. बिडीचा असंल म्हणून हिवाळा काढला. छातीच्या फोटोत डाग दिसला, तुकडा तपासला, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हातारे, सरळ बोलणारे. म्हणाले, बाई, आजार फुप्फुसातच बसला असंल तर कापून काढता येईल, पण हाडात, लिव्हरात गेला असंल तर ऑपरेशनचा उपेग नाय. आधी रक्त तपासू, कितपत पसरलाय त्याचा त्यातनं अंदाज येतो, पक्कं मात्र मुंबईच्या स्कॅनवरच कळंल. मग काय, माझं सगळं ध्यान त्या रक्तावर. मी म्हणायची, देवा, ह्यांचं रक्त चांगलं निघू दे.

पण हे ऐकतील तर शपथ! टपरी सोडून हलायचे नाय, म्हणून लॅबमधली वैशाली सकाळी कामावर जाता जाता तिथंच यायची रक्त घ्यायला. पहिल्या दिशी तिनं दंडाला रबर बांधलं, आन ह्यांनी हात मागं घेतला. पोरी, बोहणी नाय झाली अजून, रक्त कसं देऊ? मी कपाळाला हात लावला. आवो, जीव मोठा का बोहणी? पण वैशाली हुशार, तिनं पर्स काढली, म्हणाली, काका, एक गजरा द्या. ह्यांनी पैसे कपाळाला लावले, गल्ल्यात टाकले, मग हात पुढं केला, घे आता, पायजे तेवढं घे. तवापासून रीतच पडली. डॉक्टर परत परत तपासणी सांगायचे, आन दर टायमाला आधी गजरा मग सुई. हे तिच्यासाठी मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या बाजूला काढून ठेवायचे. आजारपणाचे दिस, पण खोटं नाय बोलत, आम्ही तिघं लय हसलो तिथं.

रक्ताचे रिपोर्ट काही धड आले नाय. डॉक्टरांना हाडाची शंका आली, आन कसंबसं ह्यांना मुंबईला नेलं, तर स्कॅननं तेच सांगितलं. डॉक्टर मला एकटीला आत बोलावून म्हणाले, आता ऑपरेशन नाय होणार, दुखणं कमी ठेवू. ह्यांना सांगायला माझी जीभच उचलंना. रातभर मी कुढत पडले.

सकाळी वैशाली आली. हातात सुया-बाटल्यांची पेटी नव्हती. काका, गजरा द्या, म्हणाली. ह्यांनी तिच्या हाताकडं बघितलं, म्हणाले, आज सुई नाय? ती खाली बघाय लागली. मग ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आन माझा पदर डोळ्याला गेला. ह्यांनी गजरा पानात बांधला, तिनं नोट पुढं केली, तर तिची मूठ मिटवली. ऱ्हाऊ दे पोरी, आज असाच ने. बोहणीच्या आधी, ताई! सख्ख्या मेव्हण्याला चुना न देणारा माणूस!

दिवाळी त्यांनी बघितली नाय.

आता सून टपरी बघते, मी नुसती ओवत बसते. वैशालीचं लगीन झालं, पोरं झाली, पण सकाळी जाता जाता ती येतेच. पर्स काढते, मी घेत नाय. सून कुरकुरते, आत्याबाई, आधी बोहणी तरी होऊ द्या. मी म्हणते, तुझ्या सासऱ्यानं दिलाय तो, मी कोण पैसे घेणारी. सुखात ऱ्हावी पोर. ती गजरा माळून रस्ता वलांडेस्तोवर मी बघत ऱ्हाते, मग दुसरा हार घेते ओवायला.